आईच्या चालीनं बेळगाव

गुरुवार

आई चारच्या सुमारास बसमधून उतरली. घरी येऊन पाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाली, "चल, पाय मोकळे करून येऊ." आदल्या दिवशी दुपारी अकोल्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलेली, कोल्हापूरला उतरून पुन्हा शंभरेक किलोमीटर बसनं आलेली सदुसष्ट वर्षांची बाई. मी स्कूटरची किल्ली काढली तर म्हणाली, "गाडीवर पाय कसे मोकळे होतात?"

मला बेळगावात येऊन आठ वर्षं झाली. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, मी कॉलेज रोडवरच्या एका कचेरीत हिशेब बघते, आणि घर टिळकवाडीत मंगळवार पेठेत. या तीन टोकांमधलं बेळगाव मी हेल्मेटच्या काचेतूनच पाहिलेलं. आई याआधी दोनदा आली होती, दोन्ही वेळा जुलैत, आणि बेळगावच्या जुलैत माणूस खिडकीशी बसून राहतो. दिवसदिवस उघाडी नसते. या खेपेला नोव्हेंबरची अखेर होती. भातं कापून झालेली, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आलेल्या, आणि पाच वाजले की पश्चिमेकडून, घाटाच्या बाजूनं, गार वारा सुटायचा.

त्या वाऱ्याचं आईला फार अप्रूप. अकोल्यात संध्याकाळ होते ती घड्याळात. दिवसभराची धग भिंतीतून, गच्चीतून रात्री नऊपर्यंत बाहेर पडत असते. इथं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, सह्याद्रीला पाठ टेकून बसलेलं. ऊन कललं की अर्ध्या तासात हवा पालटते. पहिल्या रेल्वे गेटापाशी आई थांबली, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि नुसती उभी राहिली. मला वाटलं दमली. म्हणाली, "थांब जरा. हे घेऊ दे."

चालता चालता तिनं बसमधली गोष्ट सांगितली. "कोगनोळीचा नाका ओलांडला न् पाट्या बदलल्या. एक अक्षर वाचता येईना. पस्तीस वर्षं पोरांले वाचायला शिकवलं, अन् मीच अडाणी झाले." आईला पाट्या वाचायची सवय आहे. दुकानं, दवाखाने, ट्रकचे मागचे फळे, सगळं ती मोठ्यानं वाचते. लहानपणी मला त्याची लाज वाटायची.

काँग्रेस रोडच्या झाडांखालून आम्ही वीरसौधाच्या स्मारकापर्यंत गेलो. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले असं हे एकच अधिवेशन. हजारो लोकांना पाणी पुरावं म्हणून खोदलेली विहीर अजून रस्त्याकाठी आहे. मी रोज तिच्यावरून गाडी दामटत जाते. आईनं काठाशी उभं राहून आत वाकून बघितलं. मी सांगितलं, त्या अधिवेशनात गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत म्हटलं होतं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. आई म्हणाली, "अकरा म्हणजे पाचवीतली पोर," आणि पुन्हा विहिरीकडं बघत राहिली, जणू ती पोर तिथंच कुठं उभी असावी.

परतताना ठळकवाडी हायस्कूलची पाटी आईनं वाचली आणि विचारलं, टिळकवाडीत ठळकवाडी कशी? टिळकवाडीचं आधीचं नाव ठळकवाडी. शाळेनं ते धरून ठेवलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. आणि ही नवी वसाहत उभारायची म्हणून त्यांना जागा खाली करावी लागली. १९१० मध्ये ते औंध संस्थानात माळरानावर गेले, ते आजचं किर्लोस्करवाडी. हे सगळं मी कधीतरी वाचलेलं, पण ज्या पेठेत राहते त्या पेठेची ही गोष्ट आहे, हे बोलताना पहिल्यांदा लक्षात आलं.

शुक्रवार

कचेरीतून सुटायला उशीर झाला. किल्ल्यात पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. तळ्याकाठी मुलांची गर्दी होती, तिकडं न थांबता खंदक ओलांडून, दारातल्या दुर्गेला हात जोडून आत गेलो.

कमल बस्ती बघायला खरं तर सकाळ चांगली. पण संध्याकाळी एक होतं. बाहेरचा उजेड आडवा येऊन काळ्या दगडाच्या खांबांवर पडतो आणि त्या दगडाला पाण्यासारखी चमक येते. हे जैन मंदिर १२०४ चं, रट्ट राजांच्या काळातलं. आत नेमिनाथ. मंडपाच्या छतातून दगडाचं कमळ उलटं खाली झुकलेलं, पाकळीत पाकळी. आईची मान दुखेपर्यंत ती वर बघत होती. रट्टांच्या लेखांत या गावाचं नाव वेणुग्राम. वेणू म्हणजे वेळू. बांबूचं गाव.

याच किल्ल्यात १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद वनाधिकारी हरिपद मित्रांच्या बंगल्यात राहिले होते. त्याआधी गावात भाटे वकिलांकडं. तिथल्या रामकृष्ण मिशनच्या आश्रमात आरती सुरू होती. आम्ही मागं बसलो. अंधार पडला, आणि आईला चप्पल सापडेना म्हणून दहा मिनिटं गेली.

शनिवार

शनिवार बेळगावच्या बाजाराचा दिवस. मी या दिवशी गावात जायचं टाळते. गाडी लावायला जागा मिळत नाही. आईनं तो प्रश्नच ठेवला नव्हता. बोगारवेशीत रिक्षा सोडली आणि चालायला लागलो.

"वेस कुठाय?" आईचा पहिला प्रश्न. वेस नाही. गोवावेस, काकतीवेस, बोगारवेस. वेशी गेल्या, नावं राहिली. बोगार म्हणजे तांब्यापितळेची भांडी विकणारे, आपल्याकडचे कासार. आईला नाव आवडलं. किर्लोस्कर रोडनं हुतात्मा चौकात आलो. १७ जानेवारी १९५६ ला सीमाप्रश्नात गोळीबारात पडलेल्यांचं स्मारक इथं आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. आईनं पाटी वाचली, नावं वाचली, या खेपेला मनातल्या मनात. त्या स्मारकापुढून गर्दी सारखी वाहत असते, पण ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांच्यासाठी ती तारीख अजून कालची आहे. इथं राहायला लागल्यावर मला ते कळलं. अकोल्यात सीमाप्रश्न म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी होती.

रामदेव गल्लीत कपड्यांचे ढीग, पुढं गणपत गल्लीत भाजी. आणि इथं आई हरवली. म्हणजे होती माझ्याच बाजूला, पण तिला माझी गरज उरली नाही. खानापूर, चंदगडकडच्या, कडोली, काकतीकडच्या बायका पोत्यावर माल मांडून बसलेल्या. मातीनं माखलेली रताळी, कोवळ्या मुळ्याच्या जुड्या, मसूर, पातेल्यात पाण्यात सोडलेले लोण्याचे गोळे. एका म्हातारीपुढं आई उकिडवी बसली.

"या की ओ बाई. काय घेऊलालासा?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी अर्थ सांगायच्या आत तीच म्हणाली, "लोणी कसं देता?"

म्हातारी आईकडं निरखून बघायला लागली. "कुठनं आलासा ओ? तुमचं बोलणं येगळं हाय की."

"अकोला."

"कुठं आलं ओ ते?"

"नागपूरच्या अलीकडं. लय दूर."

"एवढ्या लांबनं आलासा, मग वास तर घ्या की!" म्हणत तिनं गोळा पानावर काढून आईच्या नाकाशी धरला. तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "एष्टु री?" म्हातारीनं मान न वळवता त्याला कन्नडात भाव सांगितला, त्यानं घासाघीस केली, तिनं ती कन्नडातच झटकली, आणि पुढचं वाक्य पुन्हा आईशी, मराठीत, जिथं सोडलं होतं तिथूनच. ती एक भाषा ठेवून दुसरी घेत नव्हती. दोन्ही तिच्या तोंडात एकाच वेळी होत्या, उजव्या-डाव्या हातासारख्या. आई बघत राहिली. नंतर म्हणाली, "बाई शाळेत गेलेली नसेल, अन् माझ्या दुप्पट शिकलेली आहे."

या गावावर वरून जे भांडण दिसतं ते खोटं नाही. मी ते कचेरीच्या खिडकीशी अनुभवलंय. मराठीत भरलेला अर्ज परत हातात आलाय आणि घरी येऊन मी रडलेय. पण संध्याकाळच्या पाच ते आठ या वेळात गणपत गल्लीत लोक जे जगतात तेही तितकंच खरं आहे, आणि ते कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय.

तांदूळ घ्यायचाच होता. येळ्ळूर, अनगोळ, वडगावच्या शिवारातला बासमती दाण्यानं आखूड, पण शिजायला लागला की शेजारच्यांना कळतं. दुकानदारानं मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मारली आणि आईपुढं धरला. नवा तांदूळ. नव्याचा भात गिचका होतो म्हणून आईनं जुना मागितला, तेव्हा त्यानं तिला पहिल्यांदा नीट बघितलं आणि आतलं पोतं उघडलं.

मिठाईच्या दुकानात कुंदा घेतला. दूध आणि साखर आटवून तपकिरी रंगावर आणलेला, दाणेदार. आईला गोड लागला, एवढंच. तिचं लक्ष काचेमागच्या मांड्यांवर होतं. आमच्या वऱ्हाडात मांडे म्हणजे पुरणाचे, हातावर पसरून उलट्या खापरावर टाकलेले, मऊ, आणि आमरसाबरोबर खायचे. आई ते करते. तिचे मांडे कोपरापर्यंत येतात. इथला मांडा कागदासारखा पातळ, आत पिठीसाखर पसरून चौकोनी घडी घातलेला, आणि हात लावला की चुरा. लग्नाच्या पंगतीत तो हवाच. आईनं एक उजेडाकडं धरला, पलीकडचा दिवा दिसला. "हा कुणाच्या हातचा? मला तिला बघायचंय," म्हणाली. दुकानदार हसला, म्हणाला, मांडे करणाऱ्या बायका पहाटे येतात. "मग पहाटे येऊ," आई म्हणाली. ते राहूनच गेलं.

१८४८ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचं नाव मी आईला सांगितलं ते चुकीच्या वेळी. पिशव्या जड झाल्या होत्या. तरी ती आत डोकावून आलीच. परतीच्या रिक्षात तिनं मांडीवर आलेपाकाची पुडी ठेवली आणि एका पाटीकडं बोट दाखवलं. "मधलं अक्षर कमानीसारखं, ते ग. शेवटचं शेंडीवालं शून्य, ते र. म्हणजे हे नगर."

मी बघितलं. शाहूनगर की शिवाजीनगर ते कळलं नाही, पण शेवटची तीन अक्षरं नगरच होती. गुरुवारपासून ती दोन्ही लिप्यांतल्या जुन्या पाट्या शोधत होती, वरचं वाचायचं आणि खालच्याशी जुळवायचं. पहिलीच्या पोरासारखी. आठ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

रविवार

कपिलेश्वराला लोक दक्षिण काशी म्हणतात. रेल्वेच्या पुलाजवळ, गाडीचा भोंगा घंटेत मिसळतो. दर्शन झालं आणि आम्ही पूल चढलो. वर पोचल्यावर आईला थांबवून मी दोन्ही बाजू दाखवल्या. इकडं बेळगाव, तिकडं शहापूर.

आज हे एकच गाव आहे, कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते सांगता येणार नाही. पण १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात, पटवर्धनांचं. बेळगाव इंग्रजांचं. म्हणजे भाजी आणायला जाताना माणूस एका राज्यातून दुसऱ्यात जायचा, आणि संध्याकाळी परत यायचा. "मग नाका कुठं होता?" आईनं विचारलं. मला सांगता आलं नाही. पुढं एका सराफी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या आजोबांना तिनंच विचारलं. त्यांनी हात हवेत हलवून सगळ्या शहापूरवरून फिरवला आणि म्हणाले, "होतं की ओ कुठंतरी. आता कोण बघत बसलंय!"

नाथ पै चौकात मी आईला नाथ पैंचं सांगितलं. राजापूरचे खासदार, शिकले बेळगावात. १७ जानेवारी १९७१ ला हुतात्म्यांच्या सभेत बोलायला इथं आले, बोलले, आणि त्यानंतर काही तासांतच बेळगावात हृदयविकारानं गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आई तेव्हा शाळेत होती. तिला तिच्या वडिलांनी रेडिओचा आवाज मोठा केलेला आठवला.

वडगावकडं वळलो तेव्हा दिवे लागले होते. आधी मला वाटलं पिठाची गिरणी आहे. मग तोच आवाज दुसऱ्या घरातून, मग तिसऱ्या. खटाखट, खटाखट. माग. वडगाव आणि खासबागेत घरोघर माग आहेत. बहुतेक यंत्रमाग, आणि साड्या निघतात. एका उघड्या दारातून आत दिसत होतं. पुढच्या अर्ध्या खोलीत माग, मागच्या अर्ध्यात गॅस, त्यावर कुकर, आणि मधल्या जागेत एक मुलगी पालथी पडून गृहपाठ करत होती. एवढ्या आवाजात. आई दारात उभी राहिली, तसा विणकरानं माग थांबवला. गल्लीतला एक आवाज कमी झाला.

"बंद कशाला केलात? चालू द्या."

"या की आत. बघा."

लाल साडी, पिवळा काठ, अर्धीअधिक झालेली. धागा तुटला की कसा सापडतो, एका साडीला किती वेळ लागतो, पैसे कसे सुटतात, आईनं सगळं विचारलं. धंदा पूर्वीसारखा राहिला नाही, हे त्यानं तक्रार न करता सांगितलं. त्याची बायको कन्नड बोलत होती, तो मराठी, आणि मुलगी इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसलेली. आईनं तिचं शुद्धलेखन तपासलं. राहवलं नाही तिला. एक चूक काढली आणि पाठीवर थोपटलं.

बाहेर आलो, मागाचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी बेळगावात घेतलेल्या साड्या मोजल्या तर बारा-तेरा भरतील. त्या इथं, माझ्या घरापासून चालत पोचता येईल अशा खोल्यांत विणल्या असतील, हा विचार मनात कधी आला नव्हता. आई काही बोलत नव्हती. खासबागेच्या वळणावर तिचा गुडघा कुरकुरायला लागला.

सोमवार

गुडघा सुजला. चालणं बंद. मला अपराधी वाटत होतं, पण आईनं कट्ट्यावर खुर्ची टाकून घेतली. शेजारच्या अक्का धारवाडकडच्या. त्यांना मराठी समजतं, बोलताना थांबतात. आठ वर्षांत आमचं बोलणं पाणी आलं का, कचरागाडी आली का, यापलीकडं गेलेलं नाही. मी साडेसहाला घरी आले तर दोघींच्या मध्ये गिरमिटाची ताटली. चुरमुऱ्यात कांदा, टोमॅटो, वरून शेव. आई उत्साहात म्हणाली, "अगं, हे तुपाला तुप्पा म्हणतात! म्हणजे तूप शब्द इकडचाच. आणि अडकित्ताही." अक्का मान डोलवत होत्या. त्यांनी आईला रात्रीच्या जेवणाला आमटी दिली, आणि मी भात वाढायला लागले तेव्हा आईनं ताटावर आडवा हात धरला. "साकु, साकु."

मंगळवार आणि नंतर

सकाळी कोल्हापूरच्या बसमध्ये बसवलं. पिशवीत जुना तांदूळ, लोणी कढवून केलेलं तूप, आलेपाक आणि डब्यात कापडात गुंडाळलेले चार मांडे, ज्यांचा अकोल्याला पोचेपर्यंत चुरा होणार हे तिला माहीत होतं. तिनं ते चुऱ्यासकट शेजारणीला खाऊ घातले, असं नंतर कळलं.

आता तिचा फोन रात्री आठला येतो. पूर्वी विचारायची, जेवलीस का? आता विचारते, आज कुठवर गेलीस?

परवा मी नार्वेकर गल्लीत गेले होते. एका जुन्या घराच्या लाकडी खांबांचं सांगितलं, दारातल्या आजींनी हाक मारून पाणी दिलं ते सांगितलं.

"घरावर पाटी होती?"

"होती. कन्नडात. पुसट झालेली."

"काय लिहिलंय?"

पहिलं अक्षर मला ओळखता आलं नव्हतं. उद्या बघून सांगते म्हटलं.